खान्देशातलं प्लास्टिक आणि अरबी समुद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, बचत गट, शेतकरी मेळावे आणि व्हॉट्सॲप इथून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एका जागी आणले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले. दोन-तीन ठिकाणी शिव्या तेवढ्या गाळल्या. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "आमी समिंदर देखाच नही भो. मंग आमना काय संबंध?"

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. तिचं खोरं साधारण ६५ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. म्हणजे तापीत काय वाहतं हे सुरतवाल्यांपेक्षा आपल्या बाजूलाच जास्त ठरतं.

आता उपनद्या मोजा. चाळीसगावची तितूर गिरणेला मिळते, गिरणा तापीला. अमळनेरची बोरी, वाघूर, अनेर, बुराई, शहाद्याकडची गोमाई, सगळ्या तापीच्याच. धुळ्यात पांझरेच्या पात्रात टाकलेली पिशवी मुडावदला तापीत येते. गावाला नदी नसेल तर नाला असतोच, आणि आपल्याकडे नाला हीच कचराकुंडी असते.

एक अपवाद आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या सातपुड्यातलं बरंचसं पाणी नर्मदेला जातं. पण नर्मदाही भरूचपुढे खंभातच्याच आखातात उतरते, त्यामुळे त्या भागातल्या मंडळींनी सुटलो असं समजू नये.

२. मध्ये हतनूर आहे, उकाई आहे, एवढे बॅरेज आहेत. प्लास्टिक तिथेच अडत नाही का?

अडतं, आणि बरंच अडतं. हतनूर, शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई आणि काकरापार. इतके अडथळे पार करून एखादी पिशवी त्याच वर्षी समुद्रात पोचेल असं नाही. नदीत पडलेलं मोठं प्लास्टिक वर्षानुवर्षं काठावर, झाडोऱ्यात आणि गाळात अडकून राहतं, असंच नद्यांचा अभ्यास करणारेही सांगतात.

पूर ओसरल्यावर तापीकाठची बाभळ बघा. पाणी जिथवर चढलं होतं तिथवर काट्यांना चिंध्या लटकलेल्या असतात. खालच्या फांद्यांना मातीने भरलेल्या जड पिशव्या, वरच्या काट्यांना गुटख्याच्या पुड्या आणि पातळ पन्न्या. उन्हाळाभर ऊन खाऊन त्या कडक होतात, हात लावला की भुगा होतो. पुढच्या पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांची बातमी येते तेव्हा नदी हा भुगा घेऊन निघते, आणि त्याला बॅरेज अडवू शकत नाही.

शिवाय धरणात अडलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी उतरतात, तिथे मासेमारी चालते, आणि पिण्याचं पाणीही तिथूनच उचललं जातं.

३. समुद्रात वर्षाला नेमकं किती प्लास्टिक जातं? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

आकडे वेगळे आहेत कारण मोजलेली गोष्ट वेगळी आहे. जगात १९५० साली सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार व्हायचं, आता वर्षाला ४० कोटी टनांच्या वर होतं. २०१५ साली 'सायन्स' मासिकात आलेला अंदाज असा की २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन समुद्रात गेलं. पण तो हिशोब किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांपुरता होता. जळगाव-धुळे-नंदुरबार त्यात धरलेलेच नव्हते. २०२१ च्या एका अभ्यासाने फक्त नद्यांमार्फत जाणारं प्लास्टिक धरलं आणि ते वर्षाला ८ ते २७ लाख टन काढलं. संयुक्त राष्ट्रांचा १.९ ते २.३ कोटी टनांचा आकडा सांगितला जातो, त्यात नद्या आणि तलावही मिळवलेले आहेत. भाषणात आकडा टाकायचा असेल तर कशाचा आहे तेही सांगा.

४. आपल्याकडून जास्त करून कोणतं प्लास्टिक वाहून जातं?

ज्याला भंगारात भाव नाही ते. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

भंगारवाल्याच्या काट्यापाशी जरा वेळ उभं राहिलं की सगळं कळतं. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, फुटकी बादली, खुर्ची, ठिबकची जुनी नळी, खताची रिकामी गोणी हे तो घेतो. तेलाचा कॅन ओशट असला तरी घेतो, थोडा भाव पाडतो इतकंच. मग तुम्ही कुरकुऱ्यांची पाकिटं, शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याची माळ, बिस्किटाचं वेष्टण भरलेली गोणी पुढे करता आणि तो पायाने बाजूला सारतो. यात प्लास्टिकचे दोन-तीन वेगवेगळे पापुद्रे आणि मध्ये ॲल्युमिनियमचा चमकता थर एकमेकांना चिकटवलेला असतो. ते सुटे करणं परवडत नाही, आणि एकत्र वितळवून नीट दाणा, म्हणजे नव्या वस्तूसाठीचा कच्चा माल, बनत नाही.

म्हणून नाल्यात बादली क्वचित दिसते, पुड्या मात्र खचाखच. जळगावात चटईचे कारखाने आहेत, जुनं प्लास्टिक वितळवून दाणा करणारे आहेत, पाइपवाले आहेत. भाव असलेलं प्लास्टिक इथे रस्त्यावर दोन दिवस टिकत नाही. कचरा वेचणाऱ्या बाया भल्या पहाटे ते उचलून नेतात. मागे उरतं ते हलकं, मळकं आणि बिनकिमतीचं, आणि पहिल्या पावसात नेमकं तेच तरंगतं. 'लोकांना शिस्त नाही' असं म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे. ज्या कंपनीने पुडी बनवली तिच्यावर ती परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या केंद्रीय नियमावलीने टाकली आहे. कागदावर ही तरतूद चांगली आहे. गावच्या नाल्याकाठी तिचा माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

५. पॅसिफिकमध्ये प्लास्टिकचं बेट आहे म्हणतात. त्यावर चालता येतं का?

नाही. बेट हा शब्द बातम्यांनी रूढ केला. चार्ल्स मूर नावाच्या नाविकाला १९९७ साली उत्तर पॅसिफिकमध्ये हा पट्टा दिसला. वारे आणि प्रवाह गोल फिरतात आणि तरंगणारा माल मधोमध जमा होतो. २०१८ च्या मोजणीनुसार हा पट्टा १६ लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढा. त्यात प्लास्टिक सुमारे ७९ हजार टन. आपल्या भाषेत हिशोब केला तर एकरी दोनशे ग्रॅम. बोटीतून जाताना सहसा निळं पाणीच दिसतं. जाळं टाकून वर ओढलं की तुकडे हाती लागतात.

वजनात धरलं तर त्यातलं ४६ टक्के प्लास्टिक म्हणजे मासेमारीची जाळी. असे गोल प्रवाह जगात पाच आहेत, हिंदी महासागराच्या दक्षिण भागातला त्यांपैकी एक.

६. मग आपल्या तापीचं प्लास्टिक त्या बेटावर जातं का?

नाही. पॅसिफिकशी आपला संबंध नाही, आणि हिंदी महासागराच्या दक्षिणेतल्या भोवऱ्यापर्यंत जाणारा वाटाही थोडाच असणार. खंभातच्या आखातात देशातली सर्वात मोठी भरती-ओहोटी होते. पाणी दिवसातून दोनदा कित्येक मीटर चढतं-उतरतं, आणि किनाऱ्याच्या चिखलात बरंच काही रुतून बसतं. उरलेलं अरबी समुद्रात शिरतं. तिथे मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाहाची दिशाच वर्षातून दोनदा उलटते, त्यामुळे पॅसिफिकसारखा एका जागी साठा होत नाही. बराचसा माल पुन्हा कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर येऊन पडतो. पावसाळ्यात मोठ्या भरतीनंतर मुंबईत मरीन ड्राइव्हवर समुद्र कचरा परत फेकतो त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेच आहेत.

७. जगातल्या दहाच नद्यांमधून ९० टक्के प्लास्टिक येतं ना? त्यात तापी कुठे आहे?

हा दावा २०१७ च्या एका अभ्यासातून निघाला आणि त्यातही तो फक्त नद्यांमार्फत येणाऱ्या प्लास्टिकपुरता होता. यादीत गंगा आणि सिंधू होत्या, तापी नव्हती. पुढे २०२१ च्या अभ्यासाने (प्रश्न ३) चित्र बदललं. नद्यांमार्फत जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के वाहून न्यायला हजाराहून अधिक नद्या लागतात, आणि शहरांतून जाणाऱ्या लहान नद्यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यामुळे 'आमची नदी त्या दहात नाही' ही सबब आता चालत नाही.

८. मायक्रोप्लास्टिक म्हणजे काय? ते कुठून येतं?

पाच मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या लेखामुळे हे नाव सर्वतोमुखी झालं. मोठ्या वस्तू उन्हाने ठिसूळ होऊन फुटतात तसे ते तयार होतात, पण काही मुळातच बारीक असतात. पॉलिस्टरची साडी, ट्रॅकपँट धुताना सुटणारे तंतू आणि गाड्यांच्या टायरची झीज हे त्यातले दोन मोठे स्रोत. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ट्रक घासतात त्याची काळी पूड पावसाने कडेच्या चारीत जाते, चारी नाल्याला मिळते. पुढचा रस्ता प्रश्न १ मध्ये आहे.

९. जळगावच्या बाजारातले बोंबील, जवळा खावेत की नाही? माशांच्या पोटात प्लास्टिक असतं म्हणे.

माशांच्या पोटात सूक्ष्म कण सापडतात, हे खरं आहे. ते बहुतांशी आतड्यात असतात. त्यामुळे पोट साफ करून खाल्लेल्या माशातून कमी जातात, आणि जवळा, सुकट असं अख्खं खाल्लं जाणाऱ्यातून जास्त. मीठही सुटलेलं नाही. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांना २०१८ साली बाजारातल्या मिठात असे कण मिळाले होते. साध्या वाळूच्या गाळणीतून समुद्राचं पाणी घेतलं तर ते बरेच कमी होतात, असंही त्यांनी दाखवलं.

माणसाच्या रक्तात (२०२२) आणि गर्भाच्या वारेत (२०२१) हे कण सापडल्याचे अभ्यास आहेत. २०२४ साली मानेच्या रक्तवाहिनीतल्या मेदाच्या थरात हे कण असलेल्या रुग्णांना हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. मात्र प्लास्टिकमुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मी बोंबील सोडलेले नाहीत. गरम भाजी पातळ पिशवीत बांधून आणणं मात्र सोडलं.

१०. कासव, देवमासे प्लास्टिक का खातात? त्यांना कळत नाही का?

तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि ते त्याचं अन्न आहे. शिवाय काही दिवस पाण्यात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढतं आणि त्याला खाद्याचाच वास येऊ लागतो. खाण्याइतकंच घातक आहे अडकणं: सोडून दिलेली नायलॉनची जाळी समुद्रात वर्षानुवर्षं मासे, कासवं धरत राहतात. आपल्याकडे उकिरड्यावरच्या गाई-म्हशींच्या पोटातून किलोच्या किलो पिशव्या निघतात, त्या का खातात हे मात्र कोणी विचारत नाही. भाजीचा उरलासुरला पाला गाठ मारून पिशवीत फेकलेला असतो आणि जनावर गाठ सोडू शकत नाही.

११. बाटली कुजायला ४५० वर्षं लागतात हे कोणी मोजलं?

कोणीच नाही. बॅकेलाइट हे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक १९०७ सालचं, म्हणजे साडेचारशे वर्षं वाट पाहायला वेळच झालेला नाही. हे आकडे अंदाज आहेत, आणि ऊन, तापमान, प्राणवायू यांवर ते खूप बदलतात. जळगावच्या मे महिन्यात पातळ पिशवी बांधावर काही महिन्यांत तडकते. तीच समुद्राच्या तळाशी, अंधारात आणि गारठ्यात, जवळपास तशीच राहते. मारियाना गर्तेत जवळजवळ ११ किलोमीटर खोल पिशवी दिसली आहे. आणि तडकणं म्हणजे कुजणं नाही, ते प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

१२. २०५० पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त होईल, हे खरं का?

हे वाक्य एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१६ च्या अहवालातलं, आणि तुलना वजनाची आहे. समुद्रात मासे किती आहेत याचाच अंदाज फार ढोबळ असल्याने त्यावर बरीच टीका झाली. फलकावर लिहू नका, असं मी शाळांना सांगतो. जे पक्कं माहीत आहे तेच पुरेसं वाईट आहे.

१३. शेतीतल्या प्लास्टिकचं काय? केळीला तर आता त्याशिवाय भागत नाही.

भागत नाही, हे मान्य. ठिबक नसतं तर या पाण्यात एवढी केळी झाली नसती, त्यामुळे 'शेतातलं प्लास्टिक बंद करा' असं मी कोणालाही सांगणार नाही. पण प्रत्येक वस्तूचा शेवट वेगळा आहे.

ठिबकची नळी: तिला भाव आहे, भंगारात जाते. वेचायची राहते ती कापलेल्या तुकड्यांची आणि टोप्यांची बारीक घाण. पॉलिथिन पाण्याहून हलकं, म्हणून हे तुकडे तरंगत नाल्याला लागतात.

घडाची स्कर्टिंग बॅग, म्हणजे केळीच्या घडावर चढवायची पिशवी: खरी अडचण इथे. कटाईच्या दिवशी व्यापाऱ्याची टोळी येते, पिशवी फाडते, घड उचलते, गाडी भरते. पिशवी सरीतच राहते किंवा बांधावर ढीग होतो. तिला केळीचा चीक लागलेला असतो, धूळ बसलेली असते, भंगारवाला नाक मुरडतो. काही जण कटाईच्या आधीच टोळीशी ठरवून घेतात, की पिशव्या फाडायच्या नाहीत, खालून ओढून काढायच्या आणि एका गोणीत कोंबायच्या. अख्ख्या, कोरड्या पिशव्यांचा मोठा ढीग असेल तर दाणा करणारे कधी कधी घेतात. पाच-दहा किलोसाठी कोणी येत नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एका गोठ्यात साठवलं तर जमतं.

मल्चिंग पेपर: कलिंगड-मिरचीच्या प्लॉटमध्ये मातीवर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद. पातळ पेपर हंगामाअखेर ओढला की फाटतो आणि निम्मा मातीत राहतो. वर आलेल्याला एवढी माती चिकटते की पेपरपेक्षा मातीचंच वजन जास्त. पेपर काढायचा तो वाफसा गेल्यावर, माती कोरडी असताना, आणि रोटाव्हेटर घालण्याआधी. नंतर काढू म्हटलं की संपलं, रोटाव्हेटर त्याचे हजार तुकडे करतो. २५ मायक्रॉनऐवजी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ३० चा घेतला तर खर्च थोडा वाढतो, पण निघताना तो अखंड निघतो.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२१ च्या अहवालात पीक आणि पशुपालनात वर्षाला सव्वा कोटी टन प्लास्टिक वापरलं जातं असं म्हटलं आहे. समुद्राची चर्चा होते, शेतमातीची होत नाही, असा त्या अहवालाचा रोख होता. तो पटण्यासारखा आहे.

१४. सरळ जाळून टाकलं तर? ना नाल्यात जाईल ना समुद्रात.

जाळू नका. पीव्हीसीचा पाइप जळाला की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि बांधावरच्या आगीत सगळं अर्धवटच जळतं. काळा गोळा आणि राख मागे राहते ती पावसात नाल्यालाच जाते. उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने बंदी आहे. खड्डा करून पुरणंही नको. नांगराला ते कधीतरी वर येतंच.

१५. एमआयडीसीत दाणा सांडतो. तो एवढासा, त्याने समुद्राचं काय बिघडणार?

चटई, पाइप, नळी, सगळ्याची सुरुवात दाण्यापासून होते. मसुराएवढा, गोल, तरंगणारा. गोणी उतरवताना फाटली, झाडून गटारात लोटली की पहिल्या पावसात गेला. २०२१ साली कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' जहाज जळालं तेव्हा सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात पडला आणि श्रीलंकेचे किनारे पांढरे झाले. मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा ३' केरळजवळ बुडालं, तिथेही दाणा किनाऱ्याला लागला आणि स्वयंसेवक चाळण्या घेऊन वाळू चाळत बसले. जमिनीवर उपाय त्यामानाने स्वस्त आहे: उतरवण्याच्या जागी ताडपत्री, गटाराच्या तोंडाशी बारीक जाळी, आणि सांडलेलं झाडून परत गोणीत. सांडलेला दाणाही पैशाचाच असतो, हे कारखानदाराला वेगळं सांगायला लागू नये.

१६. कानबाईचं विसर्जन, निर्माल्य, हे तर श्रद्धेचं आहे. त्यालाही प्लास्टिक म्हणायचं का?

फुलं, पानं, नारळ यांना कोणी काही म्हणत नाही. त्यांना बांधलेल्या पिशवीबद्दल बोलणं चाललं आहे. प्रकाशाला, चांगदेवला संगमावर पाहा: फुलं दोन दिवसांत कुजतात, पिशवी तशीच राहते. भुसावळजवळ तापीच्या रेल्वेपुलावर गाडी आली की खिडक्यांतून नाण्यांबरोबर गाठ मारलेल्या पिशव्या खाली पडतात. आमच्या आईचा तोडगा सोपा होता: निर्माल्य फडक्यात न्यायचं, झटकायचं, फडकं धुऊन घरी आणायचं. कानबाईच्या सजावटीतली चमकी, प्लास्टिकच्या माळा, थर्माकोल विसर्जनाआधी उतरवून ठेवले तर पूजेत काही कमी होत नाही. आणि त्या पुढच्या वर्षी परत वापरता येतात.

१७. कायद्याने नक्की काय बंद आहे? दुकानदार म्हणतो जाड पिशवी चालते.

दोन कायदे एकत्र लागू आहेत, गोंधळ तिथून होतो. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तू बंद केल्या: प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, फुग्याच्या आणि आइस्क्रीमच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या डब्यावरचं पातळ वेष्टण, १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनर वगैरे. केंद्राच्या नियमाने कॅरीबॅग किमान १२० मायक्रॉनची हवी, आणि दुकानदार त्यावर बोट ठेवतो. पण महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर जाडी न पाहता बंदी घातली आहे. तिच्यात दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद असा आहे. ५० मायक्रॉनहून जाड दुधाची पिशवी आणि रोपवाटिकेच्या, शेतीच्या कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) पिशव्या यांना त्यात सूट होती.

१८. हिरवी 'कंपोस्टेबल' पिशवी आणि कापडासारखी दिसणारी पिशवी, या तरी चालतील ना?

कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. काडी लावून पाहा: कापूस जळून राख होतो, ही वितळून थेंब पडतात. वर्षभर वापरली तर ठीक, पण लग्नात वाटलेल्या पातळ पिशव्या दोन फेऱ्यांत उसवतात आणि तंतू सोडतात.

कंपोस्टेबल पिशवीला कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली ६० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात अशी पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत विरली, पण मातीत २७ महिन्यांनीही सापडली. 'बायोडिग्रेडेबल' छापलेली दुसरी पिशवी तर तीन वर्षांनीही सामान पेलत होती.

१९. भरीत पार्टीला काय वापरायचं? कागदी पत्रावळ आणि कागदी कप तर चालतात.

केळीच्या बागेत बसून, वांगी काट्याकुट्यांवर भाजून, शेवटी भरीत-पुरी प्लास्टिक चढवलेल्या चकाकत्या पत्रावळीत वाढायची, याला काय म्हणावं. दहा पावलांवर केळीची पानं आहेत! कागदी कपाच्या आतही प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटं त्यात ठेवल्यावर सुमारे २५ हजार सूक्ष्म कण सुटल्याचं आढळलं. स्टीलचे पेले मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात.

२०. समुद्रातून प्लास्टिक काढायची यंत्रं निघाली आहेत. मग आपण कशाला डोकं खपवायचं?

बोयान स्लॅट या डच तरुणाने २०१३ साली 'ओशन क्लीनअप' ही संस्था काढली आणि तिच्या जाळ्या पॅसिफिकमधून खरोखरच टनावारी प्लास्टिक काढतात. पण सूक्ष्म कण आणि तळाला गेलेलं प्लास्टिक त्यांना काढता येत नाही. ती संस्थाही आता नद्यांच्या तोंडाशी अडवण्याकडे वळली आहे.

आपल्या देशातली दोन उदाहरणं मला जास्त भावतात. मुंबईत अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला, आणि २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. केरळात नींदकरा बंदरावर २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेला कचरा परत न फेकता किनाऱ्यावर आणू लागले आणि त्यातलं प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नाला कोरडा असताना चार ट्रॅक्टर-ट्रॉल्या काढल्या तर जे काम होतं, ते समुद्रात जहाजाला महागात पडतं. मृग लागला की मुदत संपली.

२१. जगाचा करार होणार होता, त्याचं काय झालं?

मार्च २०२२ मध्ये नैरोबीत १७५ देशांनी प्लास्टिकवर बंधनकारक करार करायचं ठरवलं. २०२४ अखेर बुसानला जमलं नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हालाही नाही. भांडण मुख्यतः एका मुद्द्यावर आहे: उत्पादनाला मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याची विल्हेवाट पाहायची. तेल विकणाऱ्या देशांना पहिली गोष्ट नको आहे.

२२. बाटली टाकताना झाकण लावावं की काढावं?

प्रश्न बारीक वाटतो, पण शाळेतली मुलं हमखास विचारतात. बाटलीचं प्लास्टिक (पीईटी) पाण्याहून जड असतं, झाकणाचं प्लास्टिक हलकं. झाकण लावलेली रिकामी बाटली हवेमुळे मैलोन् मैल तरंगत जाते. उघडी बाटली पाणी भरून तळाला बसते आणि झाकण एकटं पुढे जातं. नदीसाठी दोन्ही वाईटच. भंगारात देताना बाटली चेपा, हवा काढा आणि झाकण घट्ट लावून द्या, म्हणजे झाकण वाटेत हरवत नाही.

२३. फवारणीच्या औषधाच्या बाटल्याही भंगारात द्यायच्या का? त्यांना भाव मिळतो.

इथे प्रश्न ४ चा नियम उलटा होतो. भाव मिळतो म्हणूनच धोका आहे, कारण ती बाटली पुढे कशाची होईल सांगता येत नाही, आणि काही घरांत तर तिच्यात तेल-रॉकेलही भरलं जातं. औषध संपलं की बाटलीत पाणी घालून तीनदा खळबळायची आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, विहिरीवर किंवा नाल्यात नाही. मग खिळ्याने भोकं पाडायची म्हणजे ती पुन्हा वापरता येत नाही. मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा जागी वेगळ्या गोणीत ठेवायची. गावात कंपनीची किंवा कृषी विभागाची गोळा करण्याची मोहीम आली तर तिथे द्यायची. मोहीम येत नसेल तर औषध घेतलं त्याच कृषी केंद्राच्या दुकानदाराकडे गोणी घेऊन जा आणि कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावायला सांगा. एकटे गेलात तर तो हसेल. दहा जण गेलात तर लावतो.